खोकल्याच्या आधीचा पक्षी

"अहो, ते वर तीन दिवस ओरडतंय आणि तुम्ही त्याच्याच खाली बसून खुशाल कोडं सोडवताय?" चारुशीला म्हणाली, आणि राजन गर्ग्यांनी मान वर केली. कुवेतमधल्या एगैलाच्या त्या फ्लॅटच्या छताला एक पांढरी बशी चिकटवलेली होती, धूर झाला की बोंब मारणारी. तिच्या पोटात मोहरीएवढा लाल दिवा लुकलुकत होता. "धूर कुठाय?" गर्ग्यांनी विचारलं. "धूर नाही हो, बॅटरी संपत आलीय. मिनिटाला एकदा टीं करतंय. हे बघा, आत्ता." गर्ग्यांनी ऐकलं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. शेजारच्या इजिप्शियन बाईंच्या घरी भांडं पडलं. फ्रिज घुमला. "आणि हे आत्ता, पुन्हा," चारुशीला पोळपाटावरचं लाटणं न थांबवता म्हणाली. गर्गे बशीकडे बघत राहिले. बशी त्यांच्याकडे बघत राहिली. दोघांत अत्यंत स्वच्छ, धुवून वाळत घातल्यासारखी शांतता होती.

ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या घरी घडली असती तर माणसाने बॅटरी बदलली असती, जेवला असता आणि विसरला असता. पण गर्ग्यांचा कान हा एकट्या गर्ग्यांचा नव्हता. कुवेतमधल्या मराठी पक्षीवाल्यांची ती सार्वजनिक मालमत्ता होती. हिवाळ्यातल्या शुक्रवारी पहाटे इराकच्या सीमेजवळच्या अब्दलीच्या बाजूला गाड्या लागायच्या आणि दुर्बिणी गळ्यात घालून आठ-दहा माणसं गर्ग्यांच्या मागे चालायची ती दुर्बिणींच्या जोरावर नव्हे, त्या कानाच्या. अब्दलीत बसलेला पक्षी बसऱ्याकडे तोंड करून शिंकला तरी सर्दी कोणत्या जातीला झालीय हे गर्गे सांगत, असं लोक म्हणायचे. हे लोकांना सांगितलं होतं गर्ग्यांनीच, ही गोष्ट वेगळी. सव्वीस वर्षं रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढलेला हा नाशिकचा माणूस, गप्पांना बसला की सत्याला बाहेर चपलांजवळ बसवून यायचा. मात्र त्याचा एक नेम होता. थापा तोंडाने मारायच्या, हाताने नाही. हाताने लिहायची ती हिरव्या पुठ्ठ्याची वही, आणि वहीत गर्गे आयुष्यात एक अक्षर खोटं लिहीत नसत.

वही मूळची त्यांची नव्हती. कुवेतमध्ये माणूस राहायला येत नाही, मुक्कामाला येतो. म्हणून जो परत निघतो त्याने वही पुढच्याच्या हातात द्यायची, असा त्या गटाचा रिवाज होता. गर्ग्यांना ती सुभाष वाडांनी दिली होती, सोळा वर्षांपूर्वी, विमानतळावर, बॅगा तोलून झाल्यावर. तारीख, जागा, पक्षी, आणि पुढे दोनच खुणा: दिसला असेल तर पा, नुसता ऐकू आला असेल तर ऐ. ऐ लिहायला म्होरक्याचा शब्द पुरे. "शब्द तुझा आहे म्हणून जपून," एवढंच वाड म्हणाले होते, आणि मग इमिग्रेशनच्या रांगेत दिसेनासे झाले. आता तीन आठवड्यांनी गर्गेही त्याच रांगेत उभे राहणार होते. सामान अर्धं बांधून झालं होतं. पुढचे शुक्रवार आवराआवरीत जाणार, म्हणून उद्याचा शुक्रवार शेवटचा, आणि उद्या वही शलाकाकडे जायची होती. शलाका म्हणजे फिंतासला दातांचा दवाखाना असलेली, गटातली सगळ्यात नेमकी बाई. दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय असल्यामुळे तिला थापा आतूनच दिसायच्या.

"चारू, परत झालं?" "दोनदा झालं." गर्गे उठले, गॅलरीत गेले आणि फोनवर एक शिट्टी लावली. जाड आवाजापासून चढत चढत बारीक होत जाणारी, कान तपासायची. माणसाचा आवाज, बुलबुल, साळुंकी, एवढ्या उंचीपर्यंत ती व्यवस्थित आली. मग पातळ झाली. मग जिना चढता चढता पुढची पायरीच नसावी तशी ती नाहीशी झाली, आणि फोनवरचा काटा मात्र ऐटीत वर जात राहिला. खाली पार्किंगमधलं मांजर मान वाकडी करून वर बघू लागलं. मांजराला ऐकू येत होतं. गर्ग्यांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा शिट्टी त्याच जागी मेली आणि तिन्ही वेळा मांजराने वर बघितलं. घाबरण्याआधी त्यांना हसू आलं. सव्वीस वर्षं प्लांटमधले प्रेशरचे, तापमानाचे, पातळीचे हजारो काटे त्यांनी तपासून बरोबर केले होते, प्रत्येकावर तारखेचा स्टिकर डकवला होता, आणि ज्या यंत्रावर सगळ्यात जास्त भिस्त ठेवली त्याला स्टिकरच नव्हता. सरकलेला काटा खोटं बोलत नसतो, हे ते नव्या पोरांना शिकवायचे. त्याला खात्री असते, म्हणून तर तो धोक्याचा. आणि असा काटा सापडला की नुसता सारखा करून भागत नाही, मागे जायचं असतं. शेवटचा बरोबर कधी होता? तिथून आजपर्यंतचं प्रत्येक रीडिंग संशयित. गर्ग्यांनी वही काढली आणि मागे जायला लागले.

दोन हिवाळ्यांपूर्वीचा फेब्रुवारी. अब्दलीतल्या झाडांच्या तिसऱ्या रांगेत बंद पडलेल्या पंपापाशी चिफचॅफ, अंगठ्याएवढा वटवट्या. आधी त्यांना आणि शलाकाला ऐकू आला, मग तो फांदीवर आला, दोघांनी पाहिला. ही नोंद पक्की. त्यानंतर ऐ, ऐ, ऐ. बारीक आवाजाच्या पक्ष्यांची रांगच्या रांग, प्रत्येकापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात ऐ. इतर कोणी ऐकलं होतं का? सगळ्यांनी ऐकलं होतं; गर्गे म्हणाले म्हणून. पण गंमत, आणि गर्ग्यांना आता थंडीपेक्षा जास्त गार करणारी गोष्ट, ही की त्यांनी स्वतःही ऐकलं होतं. थाप मारल्याचं एकदाही आठवत नव्हतं. पंपापाशी उभं राहिलं की तिथे चिफचॅफ वाजायचाच. डोळे मिटून आत्ता या गॅलरीत उभं राहिलं तरी तो वाजत होता, स्पष्ट, जागेवर, ओला. मग तो कुठला? कोणत्या सालचा? दोन वर्षं त्यांची आठवण तोंड बाहेर काढून कानाच्या खिडकीत बसली होती आणि बाहेरचं समजून आतलंच ऐकत होती. आणि हे पक्ष्यांपुरतंच असेल कशावरून? सकाळी चारुशीला स्वयंपाकघरातून "चहा?" म्हणते ते ती म्हणते, की म्हणायची? कॅनडातून लेक जुईली फोनवर हसते ते हसणं वायरीतून येतं, की ती सात वर्षांची असतानाचं कुठूनतरी काढून बसवलं जातं? गर्ग्यांनी त्या फेब्रुवारीनंतरचे बारीक आवाजांचे ऐ मोजले. एकशे सात. "जेवायला या," चारुशीला म्हणाली असावी. कारण वरणाचा वास आला होता.

"उद्या मीपण येणार," जेवताना ती म्हणाली, या वेळी समोर बसून, म्हणजे खात्रीने. सव्वीस वर्षांत ती दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा गाडीत झोपली होती. "शेवटचं आहे ना. बघू तरी कसलं जंगल ते." "चार रांगा झाडं आहेत चारू, त्याला आम्ही जंगल म्हणतो." "तुम्ही काय, गच्चीवरच्या तुळशीलाही अरण्य म्हणाल."

पहाटे साडेचारला निघाले. राई नावाचं उपनगर मागे पडलं, गोदामांचे दिवे, गॅरेजांच्या बंद शटरांची रांग. मग जहरा, मग मुतलाचा चढ, आणि चढावरून पुढे दोन्ही बाजूंना वाळवंटात हिवाळी तंबूंचे कंदील विझत चाललेले. गाडीचा पारा तीन अंश दाखवत होता. चारुशीलाने शाल कानांवरून घेतली होती आणि मांडीवर दडप्या पोह्यांचा डबा तान्ह्या मुलासारखा धरला होता. गर्ग्यांना हिमालयातलं मुन्स्यारी आठवलं, लग्नानंतरची पहिली सहल. नव्या बायकोला जानेवारीत देवदारांच्या जंगलात पहाटे पाच वाजता उभं करणारा नवरा म्हणून ते त्यांच्या घराण्यात प्रसिद्ध होते. बर्फ पायाखाली पापडासारखा मोडत होता आणि वर, झाडांच्या शेंड्यांत, दिसणार नाही इतका छोटा पक्षी किणकिणत होता. ही गोष्ट त्यांनी शंभर वेळा सांगितली होती: मी थांबलो, बोट वर केलं, म्हणालो ऐक. पण आज, गाडीच्या उबेत, चित्र थोडं हललं. बोट लोकरीच्या हातमोज्यात होतं. जांभळ्या. त्यांच्याकडे जांभळे हातमोजे कधी नव्हते. "मुन्स्यारीला तो पक्षी आधी कोणी ऐकला गं?" त्यांनी विचारलं. "कोणी म्हणजे? तुम्ही पाय आपटत होतात थंडीने. मीच म्हटलं, पाय आपटू नका, वर काहीतरी वाजतंय." "मग तीस वर्षं बोलली नाहीस ते?" "तुम्ही छान सांगता," चारुशीला म्हणाली, आणि धुक्यात बघत बसली.

शेताच्या फाटकापाशी बाकीचे आलेच होते. टोप्या, मफलर, तोंडातून वाफा. रखवालदाराने शेकोटी पेटवली होती आणि तिच्याभोवती माणसं पोळ्या भाजायच्या उलथन्यासारखी हात पुढे-मागे करत होती. दोन नवीन चेहरे होते, म्हणून रुकय्याने ताबडतोब फर्माईश केली. रुकय्या दापोलीची, मंगाफच्या शाळेत गणित शिकवायची आणि गर्ग्यांच्या थापांचे गुण मोजायची. "काका, बताका होऊन जाऊ दे. नवीन मंडळी आहेत." "खरी गोष्ट आहे, म्हणून सांगतो," गर्ग्यांनी सुरुवात केली, आणि जुने सगळे आधीच हसले. एका हिवाळ्यात त्यांचा बताका, म्हणजे सिव्हिल आयडीचं कार्ड, ज्याच्याशिवाय कुवेतमध्ये माणूस असून नसल्यासारखा, तो इथेच पडला. आठ दिवस शोधला. नवव्या दिवशी बोरीच्या झाडाशी आले, तर खाटीक पक्ष्याचं कोठार. खाटीक काय करतो, शिकार काट्याला टोचून ठेवतो. एका काट्याला भुंगा, एका काट्याला पाल, आणि मधल्या काट्याला बताका. "फोटोची बाजू बाहेर! वर खाटीक बसलेला. माझ्याकडे बघतोय, फोटोकडे बघतोय, परत माझ्याकडे. एअरपोर्टवर बघतात ना, तस्सा. मग म्हणाला, जा." "म्हणाला?" नवीन मुलगी म्हणाली. "मान हलवली. खाटीक अरबी बोलत नाहीत." हशा झाला. गर्गे हसले, आणि हसता हसता त्यांना जाणवलं की हशाच्या वरचा, बारीक किनारीचा भाग आपल्याला येत नाहीये. सगळे दोन सूर खालून हसल्यासारखे वाटतायत. केव्हापासून?

चार रांगा अथलच्या झाडांच्या, वारा अडवायला कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी लावलेल्या, दीड किलोमीटर लांब. पानांच्या सुयांवर दव गोठून सगळं झाड राखेने माखलेल्या गोसाव्यासारखं दिसत होतं. पायाखाली सुयांची गादी, त्यामुळे पावलं वाजत नव्हती, किंवा वाजत असतील. गर्गे पुढे चालत होते, नेहमीच्या ऐटीत, आणि प्रत्येक ठिकाणी त्या त्या जागेचा पक्षी हजर होत होता. पाण्याच्या टाकीशी धोबी. मोडक्या ट्रॉलीशी थिरथिरा. नोकरीवर वेळेवर येणाऱ्या कारकुनांसारखे ते डोक्यात येऊन आपापली सही करत होते. दिसले त्यांना गर्गे पा म्हणत होते. नुसते वाजले त्यांच्यापुढे गप्प. लांबून हुदहुद घुमला, जाड, पोकळ, मडक्यात बोलल्यासारखा, आणि तो मात्र खरंच आला, कारण त्याला दिशा होती. आतल्यांना दिशा नसते, हे त्यांना चालता चालता कळलं. आतले पक्षी मध्यभागी वाजतात. इतकी साधी खूण, आणि दोन वर्षं तपासली नाही. मागून आलोक फोन हातात पालथा धरून येत होता. आलोक बँकेच्या संगणकविभागात होता आणि त्याच्या फोनमध्ये पक्ष्यांचा आवाज ऐकून नाव दाखवणारं ॲप होतं. पण गर्गे काकांसमोर ते उघडणं म्हणजे देवळात स्वतःचा देव घेऊन जाण्यासारखं, म्हणून बिचारा ते लपवून बघायचा. त्याच्या मागे चारुशीला, हातात घडीचं स्टूल, एका दव पडलेल्या काटकीलाही स्पर्श न करता, साडी नसूनही साडी सावरल्यासारखी चालत.

बंद पंपापाशी सगळे थांबले. इथे रिवाज होता, गर्ग्यांची दोन मिनिटं. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि मग काकांनी नावं सांगायची. शलाकाने वही उघडली. आज पहिल्यांदाच लेखणी तिच्या हातात होती. आठ जणांनी श्वास धरला. आणि गर्ग्यांच्या आत मैफल सुरू झाली. चिफचॅफ आला, रॉबिन आला, तुडतुडे वटवटे आले, सगळे जुने, निष्ठावान, आठवणीत न मरणारे. काय बिघडणार होतं? तीन नावं घ्यायची. तिन्ही बहुधा बरोबरच असतील. शलाका लिहील, पोहे खाऊ, तीन आठवड्यांनी विमान. सरकलेल्या काट्यालाही दिवसातून कधीतरी बरोबर असायचा चान्स असतोच. पण त्यांनी वहीकडे पाहिलं, कोऱ्या ओळीवर टेकलेलं शलाकाच्या पेनचं टोक पाहिलं, आणि वाडांची विमानतळावरची पाठ आठवली. ती वही आज दुसऱ्याच्या हातात जाणार होती, आणि त्यांच्या थापा इतकी वर्षं थापा म्हणून मजेत जगल्या त्या कशाच्या भरवशावर, तर या एका पुठ्ठ्याच्या आत खरं ठेवलेलं आहे म्हणून.

"मला काही ऐकू येत नाहीये," गर्गे म्हणाले.

"शांत रहा रे सगळे," रुकय्या कुजबुजली.

"तसं नाही. मला ऐकू येतच नाही. बारीक आवाज. दोन वर्षं. वहीत एकशे सात नोंदी आहेत त्या मी ऐकलेल्या नाहीत. मला वाटलं ऐकल्या."

आलोकला हसू फुटलं आणि त्याच्यामागे सगळ्यांना. "काका, हे भारी आहे! शेवटच्या दिवसासाठी ठेवलेलं होतं काय?" "दहापैकी नऊ," रुकय्या डोळे पुसत म्हणाली, "बताक्याला पण साडेआठच दिलेले मी. आणि एकशे सात! आकडा काय नेमका काढलाय." "अरे, खरं सांगतोय मी!" "प्रत्येक वेळेला हेच म्हणता तुम्ही." साठाव्या वर्षी गर्ग्यांना एक नवीन अनुभव आला. आयुष्यभर त्यांचं खोटं लोकांनी मजेत चालवून घेतलं होतं, आणि आज खरं बाजारात आणलं तर नाणंच चालेना. त्यांना राग आला, भयंकर, लहान मुलासारखा. "हसू नका!" ते ओरडले. अथलमधून दोन होले फडफडत उडाले. हसणं बंद पडलं, पण विश्वास बसला नाही. चेहऱ्यांवर पुढच्या वाक्याची वाट होती. फक्त शलाका हसलेली नव्हती. ती त्यांच्या कानाकडे बघत होती, खुर्चीत बसवलेल्या पेशंटकडे बघावं तशी.

"खरं बोलतायत ते," चारुशीला म्हणाली. ती स्टूल उघडून बसली होती आणि संत्रं सोलत होती. "पूर्वी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला हाक मारायचे, चारू झाल्या तीन. गेल्या वर्षी डाळीचा कोळसा झाला तरी पेपर वाचत होते. मी म्हटलं, असू दे. विचारलं असतं तर एक गोष्ट बनवून सांगितली असती."

शलाका वहीची मागची पानं उलटू लागली. आलोकने आधी गर्ग्यांकडे पाहिलं, मग हळूच, "काका, मागच्या डिसेंबरचा तो झुडपातला... तो पण ऐ होता ना? तो माझा दोनशेवा होता. आम्ही केक कापला होता." "मी दोन तुकडे खाल्ले," गर्गे म्हणाले. "एकशे नव्व्याण्णव आहेत तुझे, आलोक. मला माफ कर." आलोकने मफलर नाकावर ओढून घेतला. हे वाईट होतं. एकशे सात ओळींपेक्षा हा एक केक वाईट होता. मग त्याने, बहुधा काहीतरी करायला हवं म्हणून, पालथा फोन उलटा केला. "पण आत्ता इथे काहीतरी ओरडतंय. यात येतंय."

"काहीतरी काय, दोन आहेत," चारुशीला फोड तोंडात टाकत म्हणाली. "एक तो, खोकल्याच्या आधीचा."

"कसला खोकला?"

"तुमच्या कॅसेटवर नाही का? तो पक्षी झाला की तो इंग्रज खोकायचा."

आणि गर्गे बंद पंपापाशी उभे असतानाच फहाहीलच्या त्या दोन खोल्यांत उभे राहिले. नव्याण्णव साल. नवीन देश, ओळख नाही, टीव्हीवर कळत नाही. संध्याकाळी टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवून ते पक्ष्यांच्या आवाजाच्या कॅसेट घोकायचे, दोन्ही बाजू, रोज, चार वर्षं. चारुशीला पोळ्या लाटायची. ती ऐकतेय असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. भिंत ऐकते का? पीठ, तवा, खरखर, आणि पहिल्या बाजूला मध्यावर कुठेतरी एक बारीक चांदीची तार ओढल्यासारखा आवाज, आणि मग त्या निवेदकाचा, कापायचा राहून गेलेला, कोरडा, गाल फुगवून केलेला खोकला. त्याच्या आधी कोण होतं?

"रॉबिन," गर्गे म्हणाले. "लाल छातीचा."

आलोकने फोनकडे पाहिलं आणि मान हलवली. "बरोबर."

"दुसरा तो, ज्याच्यावर जुईलीने बटण दाबलं होतं," चारुशीला म्हणाली. "अर्धा पक्षी, आणि मग तिचंच, आई शू."

"चिफचॅफ!" गर्गे जवळजवळ ओरडले. "बाजू दुसरी, सुरुवातीलाच. चिफचॅफ." "बरोबर," आलोक म्हणाला. "काकू, तुम्हाला नावं माहिती आहेत?" "नावं काय माहिती, तो मेला तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. क्रम माहिती आहे. रोज ऐकल्यावर येणारच ना, आरतीसारखं." रुकय्याने नवीन मुलीच्या हातातली छोटी टिपणवही ओढून तिच्यावर दहा लिहिलं आणि गर्ग्यांना नाही, चारुशीलाला दाखवलं.

मग चारुशीलाचा हात संत्र्यावर थांबला. "हा तिसरा," ती म्हणाली. गर्ग्यांनी आलोककडे पाहिलं, फोन कोरा. शलाकाकडे पाहिलं; तिने नकारार्थी मान हलवली. चारुशीलाची मान थोडी तिरकी झाली होती, वर, चौथ्या रांगेच्या शेंड्यांकडे, आणि चेहऱ्यावर असं काही आलं होतं जे गर्ग्यांनी एकदाच पाहिलं होतं, जांभळे हातमोजे घातलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर, आणि नंतर स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. "हा शेवटचा. टेप संपते तिथला. पुरता होतच नाही, करकर करून थांबतो. तुम्ही दर वेळेला म्हणायचात, मेलं, याचंच राहिलं. आज पुरता झाला." दुसऱ्या बाजूचा शेवटचा. लाल काखेचा कस्तूर. उत्तरेकडच्या, बर्फात गुडघाभर बुडालेल्या जंगलांत राहणारा. फारच कडाक्याची थंडी पडली तर कधीतरी एखादा वाट सोडून इतका खाली येतो. सव्वीस हिवाळ्यांत त्यांना तो मिळालेला नव्हता. आठवणीतही पुरता नव्हता, अर्धाच होता, कापलेला. म्हणजे आतून वाजायला तो गर्ग्यांकडे नव्हताच. हा कोणाच्याही आठवणीतला असू शकत नव्हता. हा बाहेरचा होता.

अर्धा तास सगळ्यांनी माना मोडेपर्यंत शोधला. दिसला नाही. ऊन आलं, झाडांवरची राख वितळून टपटपू लागली, चारुशीला म्हणाली, "गेला आता."

गाडीच्या बॉनेटवर वही उघडली. दडपे पोहे फिरत होते, नारळ गारठला होता. गर्ग्यांनी लाल पेन मागून घेतलं आणि एकशे सात नोंदींवर एकशे सात रेघा मारल्या, खालचं वाचता येईल अशा, प्रत्येक रेघेशी तारीख आणि सही. प्लांटमध्ये चुकीचं रीडिंग रद्द करतात तसं. खोडलेलं लपवायचं नसतं. बोटं बधीर झाली तरी मदत घेतली नाही. अक्षर एवढं वळणदार काढल्याबद्दल मात्र त्यांना या वेळी पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. शेवटी आजचं पान. शलाकाने रॉबिन आणि चिफचॅफ लिहिले, मग थांबली. "काका, तिसरा लिहायचा?" "फोनमध्ये नाही आला," आलोक म्हणाला. प्रामाणिक मुलगा, त्याला दोनशेवा सहज घेता आला असता. "मी ऐकला," चारुशीला म्हणाली, "पण नका लिहू बाई, उगीच तुमच्या वहीला डाग." "म्होरक्याचा शब्द लागतो," गर्गे म्हणाले, "आणि म्होरकी आता तू आहेस, शलाका." शलाकाने डबा खाली ठेवला, चारुशीलाच्या समोर गेली आणि पेशंटला विचारावं तसं विचारलं, "काकू, नक्की कुठे?" चारुशीलाने बोट दाखवलं, चौथी रांग, वाळलेल्या फांदीच्या डावीकडे. "आणि आवाज मध्यभागी होता का तिकडे होता?" गर्ग्यांनी मधेच विचारलं. "मध्यभागी कसा असेल? तो तिथे बसलाय ना, तर तिथेच वाजणार." शलाकाने लिहिलं. पुढे ऐ, आणि ऐच्या पुढे, सोळा वर्षांत त्या वहीत कधी नव्हतं ते नाव, चारुशीलाचं. "साक्षीदार?" "मी," गर्गे म्हणाले आणि सही केली. "पण काका, तुम्ही तर ऐकला नाहीत," आलोक म्हणाला, "आणि पाहिला पण नाहीत." "हिला ऐकताना पाहिलं," गर्गे म्हणाले, आणि हे कोणाला थाप वाटलं नाही.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. गर्ग्यांनी बूटही न काढता स्टूल उघडलं, दिवाणखान्याच्या मध्ये मांडलं आणि नवी बॅटरी खिशात घालून वर चढले. बशी त्यांच्या नाकासमोर आली. लाल दिवा लुकलुकत होता. खाली चारुशीला स्टूल धरून उभी. "ओरडलं की सांग." "आत्ता ओरडलं." "कसं?" "कसं म्हणजे? टीं." हे टीं तिने तिच्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, जाड, घरगुती, पोळीवर तूप पसरावं तसं. ते गर्ग्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं. खालून, उजवीकडून. दिशेसकट.

"परत कर."

"उतरा आता, पडाल."

"चारू, परत कर ना."

"टीं," चारुशीला म्हणाली.